डाव्या हाताची विहीर

गाडी मागं घेण्याआधी राजेंद्रनी खुर्चीतल्या खुर्चीत अर्धं वळून मागं पाहिलं. मागं भिंत होती. भिंतीवर कापडाच्या दुकानाचं कॅलेंडर आणि त्याखाली डबा उघडून बसलेला शौनक. वाट मोकळी असल्याची खात्री पटल्यावर त्यांनी टेबलाला आवळून बसवलेलं रबरी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि पडद्यावरची पिवळी बस सावकाश मागं घेतली.

"पप्पा, मागचं आरशात दिसतं की. वर, कोपऱ्यात," प्रीती म्हणाली.

"आरशाच्या भरवशावर राहणारा ड्रायव्हर एक दिवस कुणाच्या तरी अंगावर गाडी घालतो."

"काका, गेम आहे ही," शौनक भाजी चिवडत म्हणाला. "इथं कुणी मरत नाही."

"मरत नाही म्हणून घालायची का?"

शौनकने पोळीचा घास तोंडात घातला. प्रीतीला मात्र मनातल्या मनात फार बरं वाटलं. दोन वर्षांनी पप्पांच्या आवाजात ती जुनी जरब आली होती.

उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात, पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर, चिंचोळा जिना चढून गेलं की या दोन खोल्या लागायच्या. दारावर पाटी नव्हती, कारण पाटीवर काय लिहायचं हे हरेशशेठचं अजून ठरत नव्हतं. त्यांनी आधी टीव्हीची रिमोट कव्हरं विकली, मग कोऱ्या सीडी विकल्या. जगात जे जे निघतं ते पंधरा दिवसांत उल्हासनगरात निघतं, असं लोक चेष्टेनं म्हणायचे, आणि ते हरेशशेठच्या जिव्हारी लागायचं. एक तरी चीज आधी इथं निघावी आणि मग जगाने तिची नक्कल करावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या इच्छेपोटी त्यांनी दोन हजार पाच साली तीन कम्प्युटर घेतले, बदलापूरचा शौनक आणि अंबरनाथची प्रीती यांना कामावर ठेवलं आणि गाड्यांच्या शर्यतीची गेम करायला घेतली.

गेमचं नाव 'सुसाट'. तिला ठरलेला गोल रस्ता नव्हता, हीच तिची गंमत. उल्हासनगरातून निघा, अंबरनाथात शिरा, बदलापूरच्या शिरगावापर्यंत जा. मनाला येईल तिकडं गाडी घाला. शर्यत लावायची तर लावा, नाहीतर नुसते भटका. गाड्या पळवायचं काम शौनकचं. रस्ते, भिंती, झाडं, दुकानं, म्हणजे अख्खी तीन गावं उभी करायचं काम प्रीतीचं.

आणि तिथंच घोडं अडलं. नगरपालिकेच्या नकाशात जे रस्ते होते ते जमिनीवर नव्हते आणि जमिनीवर होते ते नकाशात नव्हते. पंधरा दिवस डोकं धरून बसल्यावर प्रीती म्हणाली, "माझ्या पप्पांना विचारू का?"

राजेंद्रनी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याची स्टाफ बस एकोणीस वर्षं चालवली होती. बसचा रस्ता त्यांनीच आखलेला. सकाळी उल्हासनगरातून सुरुवात, मग अंबरनाथ, पालेगाव, शिरगाव आणि शेवटी कारखाना. संध्याकाळी बाकीचे ड्रायव्हर याच रस्त्याने उलटे जायचे. राजेंद्र जात नसत. ते गाडी थेट उल्हासनगरला नेत आणि तिथून पुन्हा त्याच क्रमाने माणसं सोडत येत. सकाळी जो पहिला चढतो आणि सगळ्यात जास्त वेळ गाडीत बसतो, त्याने संध्याकाळीही शेवटपर्यंत बसून राहावं हे त्यांना पटत नव्हतं. पहिला चढेल तो पहिला उतरेल. या न्यायापायी रिकामी बस घेऊन त्यांना रोज शिरगावहून कारखान्यापर्यंत परतावं लागायचं, पण त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

दोन हजार चारच्या जानेवारीत अंबरनाथच्या नाक्यावर त्यांच्या बसचा डावा आरसा केळ्यांच्या हातगाडीला लागला. केळी रस्ताभर झाली, माणसाला काही झालं नाही. त्याच दुपारी ते प्रीतीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला; त्या बाजूचं दिसणं गेलं होतं. संध्याकाळी त्यांनी स्वतः जाऊन मॅनेजरच्या टेबलावर किल्ली ठेवली. तेव्हापासून घरी येईल त्याला ते एकच वाक्य सांगायचे.

"एकोणीस वर्षांत माणसाला ओरखडा नाही. आणि डोळा गेला त्या दिवशी किल्ली दिली. एक दिवस उशीर नाही केला."

या एका वाक्यावर ते तग धरून होते. बाकी दिवसभर करायला काही नव्हतं. रिक्षात मागं बसले तरी त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत राहायचा. आईने एकदा त्या पायावर हात ठेवला, तर ते खिडकीबाहेर बघत बसले.

म्हणून प्रीतीने वही उघडून रस्ता विचारला तेव्हा ते आधी बिचकले आणि मग असे सुटले की तिचा हात दुखायला लागला. त्यांना रस्ता मीटरमध्ये येत नव्हता, माणसांमध्ये येत होता. श्रीपाद साहेबांच्या थांब्यापासून तिसऱ्या गिअरमध्ये एक जांभई होते, तिथं पिठाची गिरणी. महेंद्र चढला की लगेच गतिरोधक, त्याला रंग नाही, म्हणून दुसरा टाकायचा. पालेगावला उजव्या हाताला नवीन इमारत, खाली मेडिकल, लाल फाटक. डाव्या हाताला भगवंतची विहीर. कठड्याचा एक दगड पडलेला आहे, गाडी येईपर्यंत भगवंत तिथं डबा ठेवतो. मागं दोन आंबे आणि भातखाचरं.

"तुम्हाला एवढं कसं लक्षात?" शौनकने एकदा विचारलं.

"अरे, शेवटी शेवटी तर मी माणसं पावलांवरून ओळखायचो. मान न वळवता. पायरीवर पाय वाजला की म्हणायचो, या महेंद्र. सगळ्यांना नवल वाटायचं."

या उपकाराची फेड म्हणून शौनकने शर्यतीच्या गाड्यांमध्ये एक पिवळी स्टाफ बस घालून दिली. तिला हॉर्न दिला, थांबे दिले. डावीकडं आणि उजवीकडं बघायची दोन बटणंही दाखवली. बटणांवर राजेंद्र चिडले.

"ड्रायव्हरला देवाने मान दिलीय. बटण कशाला?" असं म्हणून त्यांनी समोर बघत पहिला गिअर टाकला. देव त्यांच्या घरात कुणी मानत नव्हतं, पण बोलण्यात तेवढा चालायचा. पंधरा इंची पडदा त्यांच्या नजरेत बरोबर मावत होता. रोज दुपारी ते जिना चढून यायचे, एक फेरी मारायचे आणि घाम पुसत घरी जायचे.

एप्रिलमध्ये प्रीती हरेशशेठचा कॅमेरा घेऊन शौनकच्या स्कूटरवर निघाली. भिंतींचे, पाट्यांचे, फाटकांचे फोटो लागणार होते. पालेगावला तिने वही काढली. उजव्या हाताला मेडिकल होतं, लाल फाटकसुद्धा होतं. डाव्या हाताला चार मजली इमारत होती, तीन विंग्जची. रंग उडालेला, गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेले, गेटपाशी मुलांच्या सायकली.

"कधीची आहे ही?" तिने वॉचमनला विचारलं.

"पाच साल हो गया, मॅडम. दो हजार एक में लोग रहने आये."

पप्पा विसरले असतील, असं म्हणून ती हसली. शिरगावला वहीत डाव्या हाताला म्हशींचा तबेला होता. तिथं लग्नाचा हॉल उभा होता, आणि पानवाल्याने सांगितलं की त्याला सहा वर्षं झाली. परत येताना तिने अंबरनाथची पिठाची गिरणी शोधली. तीही डाव्याच हाताची. गिरणीच्या जागी दवाखाना होता आणि त्याच्या पाटीवर स्थापनेचं साल होतं, दोन हजार. उजव्या हाताचं वहीतलं एकही पान चुकलेलं नव्हतं.

ती दवाखान्यासमोरच फुटपाथच्या कठड्यावर बसली. तिला तो डोळ्यांचा डॉक्टर आठवला. "यांना किती दिवसांपासून असं आहे?" त्याने विचारलं होतं. "आठ दिवस," पप्पा म्हणाले होते. डॉक्टरने ते तसंच लिहून घेतलं होतं. पप्पा बाहेर गेल्यावर तिला औषधाचे थेंब समजावताना सहज म्हणाला होता, "यात काळोख वगैरे दिसत नाही. गेलेल्या जागी मन आपलं जुनं ओळखीचं भरत राहतं. माणसाला पत्ताच लागत नाही." तिला हेही आठवलं, की त्या वर्षांत पप्पांचा डावा खांदा घरातल्या दाराच्या चौकटीला सारखा आपटायचा आणि आई म्हणायची, न पिता झोकांड्या खाणारा माणूस हाच पाहिला.

तीन-चार वर्षं. रोज दोन फेऱ्या. चाळीस माणसं.

"काय झालं गं?" शौनकने विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

फोटो बघून इमारत उभी करायला तिला दोन दिवस पुरले असते. पण पप्पा रोज दुपारी येत होते. पडद्यावर पालेगावला पोचून त्यांनी विचारलं असतं, ही कधी झाली? आणि तिला त्यांच्याशी खोटं बोलता येत नव्हतं, लहानपणापासून येत नव्हतं. म्हणून ती दुसऱ्यांशी खोटं बोलली. तिने वहीत होतं तसंच सगळं उभं केलं. विहीर, कठड्याचा पडलेला दगड, दोन आंबे, तबेला, गिरणी. उजव्या हाताला दोन हजार सहा साल आणि डाव्या हाताला कधीचंच गेलेलं गाव.

हरेशशेठ बघून वैतागले. "साईं, ये खेत क्यों डाला? पब्लिक को बिल्डिंग मंगता!"

"शेठ, दोनों साइड बिल्डिंग डाली तो गाडी अटकती है. पुराना कम्प्युटर झेलता नहीं. खेत हलका पडता है."

हरेशशेठना यातलं काही कळत नव्हतं, पण हलकं पडतं म्हटल्यावर त्यांचा आक्षेप मावळला. शौनकला मात्र सगळं कळत होतं. संध्याकाळी कम्प्युटर बंद करताना तो म्हणाला, "डावीकडचंच बरं हलकं लागतं तुला?"

"हो."

त्याने पुढं विचारलं नाही. शौनकचे तेवढे उपकार ती विसरली नाही.

दसऱ्याला 'सुसाट' बाहेर पडली. डब्यावर लाल परदेशी गाडी छापली होती, जी गेममध्ये नव्हतीच. कम्प्युटरच्या एका मासिकात दोन ओळी आल्या: गाड्या ठीक, नकाशा हलगर्जीपणाने केलेला, भरवस्तीत भातशेती दाखवली आहे. नकाशाखाली प्रीतीचं नाव होतं. आईने ते मासिक जपून ठेवलं, कारण तिला नाव तेवढं दिसलं. प्रीतीला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. वर्षभर डोळे फोडून केलेलं काम होतं, आणि त्यातली एक चूकही तिची नव्हती.

आठव्या दिवशी हातगाड्यांवर 'सुसाट'च्या नकली सीडी आल्या. हरेशशेठ डोक्याला हात लावून बसले आणि मग अचानक हसायला लागले. "अपना माल इधर निकला, और कॉपी भी इधर ही निकली. अपना ही गाव निकला, साईं!"

शर्यतीच्या पोरांना गेम काही आवडली नाही. गाडी उचलत नाही, म्हणाली. पण नोव्हेंबरात शौनक एक वेगळीच बातमी घेऊन आला. पालेगावच्या सायबर कॅफेत वयस्क माणसं येतात. शर्यत लावत नाहीत. मालकाला सांगून गाडी विहिरीपर्यंत नेतात आणि बंद करून बसतात. तास संपला की पुढच्याला जागा देतात.

"नुसते बसतात?" प्रीतीने विचारलं.

"नुसते बसतात. एक जण रडला म्हणे."

हे ऐकून तिला आनंद झाला आणि भीतीही वाटली. भीती कशाची ते रविवारी कळलं.

राजेंद्र सकाळची फेरी मारत होते. कम्प्युटर आता घरीच होता, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर. हरेशशेठनी जुना झाल्यावर तो प्रीतीला देऊन टाकला होता. दार उघडंच होतं. दारात पांढऱ्या टोपीतला एक माणूस उभा राहिला, हातात पेढ्यांचा पुडा.

"राजाभाऊ, जयभीम!"

"पाऊल ओळखलं मी. ये भगवंत, जयभीम."

कारखान्यात रंगाचे डबे भरणारा, पालेगावच्या थांब्यावर चढणारा हाच तो भगवंत. त्याने पुडा पुढं केला आणि उभ्याउभ्याच बोलायला लागला.

"माजी विहीर दाखवलीस तू, राजाभाऊ! सुनेनं घरी सीडी लावली. मी म्हटलं, हे पोरांचं काय बघू? आन आली ना समोर! कठड्याचा पडलेला दगड पण हाय. माजी बायको तर पडद्याला हात लावीत व्हती."

"सगळं माझ्या पोरीचं काम," राजेंद्र खुशीत म्हणाले. "मी नुसतं सांगितलं."

"आता कुठं बघायला मिळते? बुजवून पाच वर्षं झाली."

राजेंद्रचा पुड्याची दोरी सोडणारा हात थांबला.

"जागा दिलीस ते ऐकलं होतं. विहीर ठेवली असशील असं वाटलं."

"ठेवतात कशाला? इमारतीचा पाया घ्यायचा व्हता. दोन हजार एक, माज्या मोठीच्या लग्नाचं साल." भगवंत हसला. "तू तर गाडी तिथंच उभी करायचास रोज. पण बरं झालं. बाकीच्यांनी इमारत बघितली, तू विहीरच डोळ्यांत ठेवलीस."

प्रीती चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. राजेंद्रनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली, आणि तेवढ्यावरून त्यांना हवं ते कळलं.

"तुला माहीत होतं."

"हो, पप्पा."

"कधीपासून?"

"फोटो काढायला गेले तेव्हापासून."

आईने आतून विचारलं, साखर पुरे का. भगवंतला वाटलं आपण काहीतरी वेडंवाकडं बोललो. तो टोपी काढून हातात धरून उभा राहिला. राजेंद्र पडद्याकडे वळले. अर्ध्या रस्त्यात उभी असलेली बस त्यांनी पुढं काढली. अंबरनाथ मागं पडलं. गतिरोधकाआधी दुसरा गिअर पडला. पालेगावला लाल फाटकासमोर त्यांनी गाडी थांब्याला लावली, अगदी कडेला, आणि हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले.

"प्रीती, डावीकडं बघायचं बटण कुठलं गं?"

तिने ट्रे खाली ठेवला, त्यांचं बोट हातात घेतलं आणि बटणावर टेकवलं. पडदा वळला. विहीर आली, पडलेला दगड आला, आंबे आले, मागं हिरवी भातखाचरं. ते बघत राहिले.

"चाळीस माणसं असायची गं मागं," ते म्हणाले.

प्रीतीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या. "सगळी उतरली, पप्पा. रोज. आपापल्या थांब्यावर."

"मी तर हितंच उतरलो," भगवंत म्हणाला. त्याला कळत काही नव्हतं, पण खरं ते सांगितलं पाहिजे असं त्याला वाटलं. "एक दिवस चुकला नाय."

राजेंद्रनी पंच्याने चेहरा पुसला. बराच वेळ पुसला. मग पायाने शेजारची खुर्ची पुढं ओढली.

"उभा का? बस."

भगवंत बसला. राजेंद्रनी खुर्चीत अर्धं वळून मागं पाहिलं, मग ते बटण शोधून पुन्हा एकदा डावीकडं पाहिलं, आणि गाडी काढली.